वाढत्या मुलांच्या दातांची कीड : कारणे व उपाय

या पत्रिकेतून आपण दर खेपेस लागणीची तयारी, बेणे, खताचे हप्ते, खोडव्याची निगा यांविषयी वाचता. या वेळी ऊस विकास विभागाकडून दातांवर लेख आलेला पाहून काहींना नवल वाटेल. पण कारण सरळ आहे. आमची माणसे रोज आपल्या वस्तीवर येतात. प्लॉट पाहून झाला की ओसरीवर चहा होतो आणि घरातली आठवी-दहावीची पोरं समोर असतात. गालाला हात लावून बसलेला मुलगा, हसताना तोंडापुढे ओढणी धरणारी मुलगी, हे आता एखाद्या घरापुरते राहिलेले नाही. विचारले तर उत्तर ठरलेले : "दाढ किडलीया. दुधाची असंल, पडंल आपोआप."

चौदाव्या वर्षी तोंडात दुधाची दाढ सहसा उरलेली नसते. जी किडली ती कायमची आणि पुढची साठ वर्षे भाकरी चावायची ती तिनेच. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली देशभर पाहणी केली होती. त्यात १२ वर्षांच्या मुलांपैकी शंभरात सुमारे ५४ आणि १५ वर्षांच्या मुलांपैकी शंभरात सुमारे ६३ जणांच्या दातांत कीड आढळली. म्हणजे तीन वर्षांत आणखी नऊ जणांची भर. हे वाढीचे वयच धोक्याचे आहे. म्हणून या लेखात या वयाचाच विचार केला आहे.

कायमचे दात केव्हा येतात

दुधाचे दात वीस. साधारण सहाव्या वर्षी, दुधाचा एकही दात न पडता, सर्वांत मागच्या बाजूला एक-एक नवी दाढ उगवते. जुना दात न पडता ती येते म्हणून घरातल्यांना ती दुधाचीच वाटते. प्रत्यक्षात ती पहिली कायमची दाढ असते. दुसरी दाढ अकरा ते तेरा या वयात येते. तेराव्या वर्षाच्या सुमारास तोंडात अठ्ठावीस कायमचे दात होतात. अक्कलदाढा त्यानंतर, सतराव्या वर्षापासून पुढे.

नवी दाढ कोवळी असते. वरचे पांढरे कवच, ज्याला दंतवैद्य एनॅमल म्हणतात, ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य आहे. पण दात उगवल्यानंतर पहिली दोन-तीन वर्षे ते पुरते पक्व झालेले नसते. लाळेतले कॅल्शियम व फॉस्फेट घेऊन ते हळूहळू पक्के होते. त्यात दाढेच्या माथ्यावर खोल घळी असतात आणि ब्रशचा केसही काही घळींच्या तळाशी पोचत नाही. कोवळी लागण आणि मोठी दाढ, दोहोंना पहिल्या काळातच जपावे लागते.

आणखी एक गोष्ट. उसाला कोंब गेला तरी बुडखा फुटतो, फुटवा येतो. हाड मोडले तर जुळते. एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. एकदा भोक पडले की ते आपण होऊन भरून येत नाही.

ही कीड नव्हे, कूज आहे

आपण 'दाताला कीड लागली' म्हणतो, त्यामुळे खोडकिडीसारखी एखादी अळी दात पोखरते असा समज होतो. काही गावांत भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले 'किडे' पाडून दाखवणारे फिरतात. दातात अळी नसते. जे पडते ते बियांचेच तुकडे असतात.

खरे पाहता हा प्रकार बेणे जमिनीत कुजते त्याच्या जवळचा आहे. तोंडात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. त्यांपैकी स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स नावाचा जंतू यात मुख्य मानला जातो. क्लार्क नावाच्या इंग्लंडमधील शास्त्रज्ञाने १९२४ साली किडलेल्या दातांतून तो वेगळा काढला. हा जंतू साखर खातो आणि आम्ल टाकतो. ते आम्ल एनॅमलमधील खनिज विरघळवते.

जमिनीचा सामू आपल्याला ठाऊक आहे. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर तो पहिल्या ओळीत असतो. दातावरच्या थराचा सामू एरवी सातच्या आसपास राहतो. गोड खाल्ले की काही मिनिटांतच तो घसरतो आणि साधारण साडेपाचच्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागते. पुढे लाळ ते आम्ल धुऊन काढते व सामू पुन्हा वर येतो. याला अर्धा तास ते एक तास लागतो. सामू वर आला की लाळेतले खनिज परत दातावर बसते. झीज आणि भर, दोन्ही रोज चालू असते. झीज भरीपेक्षा जास्त झाली की भोक.

कारखान्यातले उदाहरण

ज्या सभासदांनी गाळप चालू असताना मिल आतून पाहिली आहे, त्यांना गटारीच्या कडेला बसणारा बुळबुळीत चिकट थर आठवत असेल. तोडलेला ऊस वेळेत गव्हाणीत आला नाही, शिळा झाला, तर त्यात ल्युकोनॉस्टॉक जातीचे जंतू वाढतात आणि रसातल्या साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. साखर उतारा घटतो, रस गाळणे अवघड जाते, दाणा नीट धरत नाही. म्हणून तोडणीनंतर ऊस लवकर आणा असा आमचा आग्रह असतो आणि म्हणूनच मिल गरम पाण्याने व वाफेने पुनःपुन्हा धुतली जाते.

दातावर हेच घडते. तिथला जंतू साखरेपासून डेक्स्ट्रानच्याच जातीचा चिकट पदार्थ बनवतो आणि त्याच्या साहाय्याने दाताला घट्ट धरून बसतो. सकाळी उठल्यावर दातावरून जीभ फिरवली की जो खरबरीत, चिकट थर लागतो तो हाच. चूळ भरून तो जात नाही. मिल जशी घासून धुवावी लागते तसा तो ब्रशने घासूनच काढावा लागतो.

वाफसा आला पाहिजे

आता मुख्य मुद्दा. साखर किती खाल्ली याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती दिवसातून किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे.

स्वीडनमधील लुंड येथे विपेहोल्म नावाच्या रुग्णालयात १९४५ पासून काही वर्षे एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. तेथील मतिमंद रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे साखर देण्यात आली. त्यांची संमती घेतलेली नव्हती आणि असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांच्या दातांत कीड थोडी वाढली. जेवणांच्या मधल्या वेळात चिकट टॉफी खाणाऱ्यांच्या दातांची मात्र फार नासाडी झाली.

आपल्या भाषेत सांगायचे तर ही पाण्याच्या पाळीची गोष्ट आहे. पाणी दिल्यावर वाफसा येऊ दिला तर मुळी श्वास घेते. वाफसा येण्याआधीच पुन्हा पाणी, पुन्हा पाणी असे केले तर जमीन पाणथळ होते, मग क्षार वर येतात. आपल्याच भागात अशा नासलेल्या जमिनी आहेत आणि त्या सुधारायला किती खर्च येतो हे आपण जाणता. दातालाही दोन गोड खाण्यांमध्ये वाफसा लागतो.

एखाद्या शाळकरी मुलाचा दिवस पाहा. सकाळी चहा-बिस्कीट. शाळेच्या वाटेवर गोळी. मधल्या सुट्टीत क्रीमचे बिस्कीट. शाळा सुटल्यावर चहा. क्लासला जाताना थंड पेय. अभ्यास करताना चॉकलेट. झोपताना साखर घातलेले दूध. सात वेळा झाले. प्रत्येक वेळेला अर्धा तास धरला तरी साडेतीन तास दात आम्लात बुडालेले. थंड पेयाची बाटली मोबाईल बघत तासभर घोट-घोट घेतली, तर तो सगळा तासच आम्लात गेला. शिवाय कोलासारख्या पेयाचा स्वतःचाच सामू अडीचच्या आसपास असतो. म्हणजे जंतूची वाटही पाहावी लागत नाही.

झोपताना लाळ फार कमी सुटते. त्यामुळे रात्री गोड खाऊन, दात न घासता झोपणे हे सर्वांत नुकसानीचे.

साखरेच्या कारखान्याने हे सांगावे काय?

काही सभासद चेष्टेने म्हणतील, "साहेब, आपलीच साखर आणि आपणच खाऊ नका म्हणता?" तसे नाही. युरिया आपणच शिफारस करतो, पण म्हणून पोतेच्या पोते एका सरीत ओतत नाही. मात्रा आणि वेळ पाळली तर खत, नाही तर विष. दसरा-दिवाळीला सभासद म्हणून शेअरवर जी साखर आपण घरी नेता ती सणाच्या पोळीत, शिऱ्यात, लाडवात जरूर वापरावी. जेवणात खाल्लेल्या पोळीने दाताचे फारसे बिघडत नाही. खिशातल्या गोळीने बिघडते.

मात्रेचेही माप आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली शिफारस केली की वरून घातलेली साखर, मध, काकवी आणि रसातली साखर हे सगळे मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे. २००० उष्मांकांच्या आहाराला हे सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे चहाचे बारा चमचे होतात. शक्य तर पाच टक्के, म्हणजे सहा चमचे, हे आणखी चांगले. थंड पेयाच्या २५० मिलीलिटरच्या एका बाटलीतच सुमारे २६ ग्रॅम साखर असते. एका बाटलीत सहा चमचे संपले. घरी दोन चमच्यांचे तीन कप चहा झाले की बारा पुरे.

सभासदांच्या काही शंका

*गूळ चालतो ना?* गुळात थोडी खनिजे असतात, पण मुख्य भाग साखरेचाच आहे. दातावरचा जंतू गुऱ्हाळ आणि कारखाना असा भेद करीत नाही. गूळ चिकट असल्याने तो घळीत जास्त वेळ बसतो. चिक्की, काकवी, खजुराचेही तसेच. जेवणात खावे, मागून पाणी प्यावे.

*ऊस खाल्ल्याने दात साफ होतात म्हणतात.* चोथा चावताना लाळ भरपूर सुटते हे खरे. वरवरचा भागही थोडा घासला जातो. पण घळीत आणि दोन दातांच्या फटीत चोथा पोचत नाही, तिथे रसच पोचतो आणि रस गोड असतो. फडात गेल्यावर एक कांडे खाल्ले, चूळ भरली, काही बिघडत नाही. सुरीने सोलून खावा. टणक पेर दाताने सोलताना दाताचा टवका उडतो.

*मशेरी लावली की दुखणे थांबते.* मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने बधिरपणा येतो, कूज थांबत नाही. कित्येक घरांत आईचे पाहून मुलगी 'दात घासायला' म्हणून मशेरी सुरू करते आणि दोन-चार महिन्यांत तिच्यावाचून चैन पडत नाही. हे व्यसनच आहे आणि तोंडाच्या कॅन्सरचे कारण आहे. वाढत्या मुलामुलींच्या हाती मशेरी पडता कामा नये.

*कडूनिंबाची किंवा बाभळीची काडी?* नीट चावून, मऊ करून वापरली तर थर निघतो. पण मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला ती पोचणे अवघड आणि तिच्यात फ्लोराईड नाही. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी मात्र एनॅमल झिजते. ती सोडावीत.

*दुखतंय तिथे गोळी दाबून ठेवली तर?* ॲस्पिरिनसारखी गोळी हिरडीवर ठेवल्याने तिथले मांस भाजते. गोळी घ्यायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, पोटात. लवंगेने तात्पुरता आराम पडतो, पण दंतवैद्याकडे जाणे चुकत नाही.

काय करावे

१. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे दात घासावेत. सकाळचे एकवेळ घाईत झाले तरी रात्रीचे चुकवू नये. रात्री घासल्यावर पाण्याखेरीज काही तोंडात घालू नये.

२. फ्लोराईड असलेली पेस्ट वापरावी. फ्लोराईड एनॅमलमध्ये बसले की ते आम्लाला जास्त दाद देत नाही. आपल्या देशात पेस्टमध्ये फ्लोराईडची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे आणि ते प्रमाण नळीवर छापलेले असते. खताच्या पोत्यावरचा नत्र-स्फुरद-पालाश आपण वाचतो, तशी ही नळीही वाचावी. वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासून झाल्यावर थुंकावे, भरपूर पाण्याने खळखळून धुऊ नये. थोडे फ्लोराईड दातावर राहिले पाहिजे.

३. ब्रश मऊ असावा, तीन-चार महिन्यांनी बदलावा. घरात प्रत्येकाचा वेगळा. मुळासारखा रेटून ओढू नये. हिरडीपासून दाताकडे, लहान-लहान फिरवीत, मागच्या दाढांपर्यंत जावे.

४. आंबट किंवा थंड पेय घेतल्यावर लगेच ब्रश करू नये. आम्लाने कवच मऊ झालेले असते. आधी साधी चूळ, अर्ध्या तासाने ब्रश.

५. गोड जेवणाबरोबर खावे. मधल्या वेळेला शेंगदाणे, फुटाणे, काकडी, पेरू, दही, ताक यांपैकी काही द्यावे. आपल्या शेतात-परड्यात हे सगळे असते. तहानेला पाणीच.

६. मोठ्या दाढा आल्या की, म्हणजे सहा-सात आणि बारा-तेरा या वयांत, दंतवैद्याला एकदा दाखवावे. दाढेच्या घळी खोल असतील तर त्यांत सीलंट नावाचे लेपण भरता येते. त्याला कोरावे लागत नाही, दुखत नाही. ही दाढेची बेणेप्रक्रियाच समजा. रोग येण्याआधी करायची.

७. ज्या गावात बोअरच्या पाण्याने मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, तिथे पाणी तपासून घ्यावे. फ्लोराईड पेस्टमधून दाताला लागणे वेगळे आणि वर्षानुवर्षे पाण्यातून पोटात जास्त जाणे वेगळे. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते.

खुणा ओळखा

पहिली खूण खडूसारखा पांढरा डाग. हिरडीच्या कडेला किंवा घळीत दिसतो, दुखत नाही. या टप्प्यावर घासणे आणि खाण्याच्या वेळा सुधारल्या, फ्लोराईड मिळाले, तर तो डाग भरून येऊ शकतो. दुसरी खूण तपकिरी-काळा खड्डा. गार किंवा गोड लागले की कळ येते. आता भरून घ्यावे लागते. साधे काम असते. तिसरी खूण रात्री ठणका. कूज आतल्या नसेपर्यंत गेली. आता रूट कॅनॉल किंवा दाढ काढणे. चौथी, गालावर सूज आणि ताप. इथे एक दिवसही थांबू नये. हा संसर्ग पसरून जिवावर बेतू शकतो.

पहिल्या खुणेला खर्च जवळजवळ नाही. तिसऱ्या खुणेला तो खूप असतो. आणि ठणका दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री उठला तर त्याचे मोल रुपयांत करता येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याखाली सरकारी व अनुदानित शाळांत आणि अंगणवाड्यांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्यात दातही पाहतात. पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती कपाटात न ठेवता रुग्णालयात न्यावी. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या वारी असतात त्याची आधी चौकशी करावी. आपल्या फडात तोडीला आलेल्या टोळ्यांची पोरंही याच वयाची असतात. सहा-सहा महिने ती शाळेबाहेर राहतात, त्यामुळे तपासणीतून सुटतात. आपल्या मुलाला दाखवायला नेताना फडावरच्या एखाद्या मुलालाही गाडीत घ्यावे, ही विनंती.

शेवटी एकच सांगणे. आज रात्री जेवण झाल्यावर मुलामुलींना उजेडात तोंड उघडायला सांगा. सर्वांत मागच्या दाढा पाहा. पांढरा डाग किंवा काळी रेघ दिसली तर या आठवड्यातच दाखवून घ्या. न दिसली तरी ब्रश करूनच झोपायला पाठवा, आणि आपणही करा. पोरं सांगून कमी शिकतात, बघून जास्त.

आपला,
ऊस विकास अधिकारी